गट्टू दिसतायत, पण टायर संपलाय: पिकअपच्या एटी टायरबद्दल तुमचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे येणारे प्रश्न आपोआप टायरवर घसरतात. यावेळी पिकअपवाल्यांची पत्रं एवढी आली की म्हटलं बाकी सगळं पुढच्या अंकात, हे सदर ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणाऱ्या आपल्या एटी टायरलाच देऊन टाकू. पहिलं पत्र मोठं होतं, थोडं कापून देतोय.

प्रश्न: नमस्कार सर, माझ्याकडे 2018 ची इसुझु व्ही-क्रॉस आहे, टायर 245/70 आर16. कंपनीचे टायर गेल्यावर एटी टाकले, त्यांचे आता पंचावन्न हजार किलोमीटर झाले. गाडी शेतात जाते, खतं, ठिबकची बंडलं, कधी मोटर, आणि अधूनमधून माळशेज उतरून कल्याणला. मला टायर अजून चांगले दिसतात, गट्टू (नक्षीतले रबराचे ठोकळे) आहेत, गोटा (गुळगुळीत) झालेले नाहीत. पण मागच्या पावसात घाटात रिकामी गाडी मागून सरकली, एकदा नाही दोनदा. पुढचा डावा टायर आतल्या कडेने जास्त घासलाय. टायरवाला म्हणतो चारही बदला आणि मोठ्या साइझचे 265/70 टाका, गाडी उठून दिसेल. पोरगा त्याच्याच बाजूने. मी म्हणतो मागचे दोन बदलू, पुढचे अजून एक वर्ष काढतील. काय करू? (शेतकरी वाचक, नारायणगाव)

उत्तर: दादा, टायरवाला अर्धा बरोबर आहे. बदला म्हणतोय ते बरोबर, 265 म्हणतोय ते नको.

आधी 'गट्टू आहेत' याचं बघू, कारण एटी टायरमध्ये लोक इथेच फसतात. साधा हायवे टायर झिजला की गुळगुळीत दिसतो, कुणालाही कळतं. एटीचे गट्टू मोठे आणि मधल्या खाचा रुंद, त्यामुळे अर्ध्याहून जास्त झिजला तरी लांबून दणकट दिसतो. आता मोबाईलचा टॉर्च घ्या आणि मागच्या टायरवर आडवा उजेड मारून एकेक गट्टू जवळून बघा. नवीन टायरला प्रत्येक गट्टूच्या अंगावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात, त्याला सायप म्हणतात. बऱ्याच एटी टायरमध्ये या चिरा मोठ्या खाचांएवढ्या खोल नसतातच, त्या आधी संपतात. मग उरतो तो वरून सपाट झालेला रबराचा ठोकळा. ओल्या डांबरावर पाण्याचा पातळ थर फोडून पकड घ्यायचं काम या चिरांच्या कडा करतात आणि त्याच गेल्या की टायर मातीत, खडीवर पहिल्यासारखा चालतो, तुम्हाला मळ्यात काही फरक कळत नाही, आणि घाटात पहिल्या पावसात गाडी हातातून जाते. तुमच्या गाडीचं नेमकं हेच झालंय असं पत्रावरून वाटतं.

त्यात पिकअपचा स्वभाव. मागे कमानपाटे, हौदा रिकामा, सगळं वजन पुढे इंजिनावर, आणि टू-व्हील ड्राइव्हमध्ये ताकद जाते मागच्या चाकांना. डिझेलचा टॉर्क खालच्या गिअरमध्ये एकदम येतो, मागच्या चाकावर वजन नाही, चिरा संपलेल्या. सरकणारच. आणि हो, बरेच जण अशा वेळी फोर-हाय, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा गिअर, टाकून घाट उतरतात, ते नका करू. या गाड्यांना पार्ट-टाइम फोर-व्हील असतं, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शिअल नसतो, वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि डांबरावर ती ओढाताण गिअरबॉक्सपासून प्रॉपेलर शाफ्टपर्यंत सगळ्यांवर येते. शिवाय फोर-व्हीलने गाडी निघते चांगली, थांबायला काही मदत होत नाही. थांबवतो टायरच.

आता आकडे. नवीन एटीच्या खाचेची खोली साधारण 10 ते 12 मिमीच्या आसपास असते, काहींची जास्त. कायद्याने चारचाकीला किमान 1.6 मिमी लागते, आणि खाचेच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात, टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय किंवा छोटा त्रिकोण करून ज्यांची जागा दाखवलेली असते, ते त्या 1.6 चेच. नक्षी त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली म्हणजे टायर कायद्याने मेला. पण घाटात पाऊस खाणाऱ्या पिकअपला मी 4 मिमीच्या खाली पावसाळा काढू देणार नाही, हे माझं मत, कायदा नाही. खोली मोजायचा छोटा गेज ऑनलाइन स्वस्तात मिळतो. आतली कड, मध्य, बाहेरची कड असं तिन्ही ठिकाणी मोजा आणि जो आकडा सगळ्यात कमी तोच टायरचा खरा आकडा.

मग टायरचं वय बघा. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, डीओटी (DOT) लिहिलेल्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. काही टायरवर हा आकडा एकाच बाजूला असतो, बाहेर दिसला नाही तर गाडीखाली शिरून आतल्या बाजूला बघा. पाच वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासायचा आणि नक्षी कितीही असो दहाच्या पुढे न्यायचा नाही असं टायर कंपन्याच सांगतात. आपल्याकडचं ऊन बघता मी दहापर्यंत वाट बघत नाही. रबर कडक होतं, गट्टूच्या मुळाशी बारीक भेगा दिसायला लागतात, आणि कडक रबर ओल्यात पकडतच नाही. तुमची स्टेपनी मूळची असेल तर ती पण 2018 च्या आसपासचीच, वापरली नाही म्हणून ती तरुण राहत नाही.

दोन की चार? दोनच घ्यायचे झाले तर नवे नेहमी मागे, हा नियम कुठल्याही गाडीला. पण तुमच्या गाडीला फोर-व्हील आहे आणि शेतात तुम्ही ते लावता, तिथे गणित वेगळं होतं. नवा आणि जुना टायर यांच्या नक्षीत 7 मिमीचा फरक धरा, व्यासात तो 14 मिमी झाला. 245/70 आर16 चा व्यास 749 मिमीच्या आसपास येतो, म्हणजे जवळजवळ दोन टक्के फरक. फोर-हायला पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो, मग सरळ रस्त्यावर सुद्धा पुढची चाकं एक आणि मागची दुसरंच अंतर मागतात. चिखलात चाक घसरून ते सुटतं, कडक रानात सुटत नाही. म्हणून चार एकदम घ्या, आणि खिसा परवानगी देत असेल तर पाच, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. पाचवा रोटेशनमध्ये, म्हणजे चाकांच्या आळीपाळीच्या अदलाबदलीत, घेतला की पाचही सारखे झिजतात आणि पुढच्या वेळी हा प्रश्नच येत नाही.

आता 265/70. व्यास 777 मिमी, म्हणजे 28 मिमी जास्त, स्पीडोमीटरवर 100 दिसेल तेव्हा गाडी जवळपास 104 ने चाललेली असेल. उंची किती वाढली? व्यासाच्या निम्मी, 14 मिमी. फक्त दीड सेंटीमीटरसाठी चाक जड, मायलेज कमी, ब्रेकवर जास्त ओझं, स्टेअरिंग पूर्ण वळवून खड्ड्यात गेलं की मडफ्लॅपला किंवा आतल्या प्लॅस्टिकला घासायची भीती, हौद्याखाली स्टेपनीच्या जागेत तो बसेल की नाही हा वेगळाच ताप, आणि अपघातानंतर विम्याच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेयरला बोट ठेवायला आयती जागा. पोराला सांगा गाडी उठून दिसायचीच असेल तर धुवून आण. अगदीच हट्ट असेल तर 255/70 पर्यंत, त्यात फरक दोन टक्क्यांच्या आत राहतो, पण तेही आधी एक चाक लावून, दोन्हीकडे स्टेअरिंग पूर्ण फिरवून बघितल्याशिवाय नाही.

मला विचाराल तर 245/70 च ठेवा आणि लक्ष दुसऱ्याच आकड्यावर द्या. साइझच्या पुढे 107 टी किंवा 111 टी असं काहीतरी लिहिलेलं असतं, तो लोड इंडेक्स. या एकाच साइझमध्ये दोन्ही मिळतात. 107 म्हणजे एका टायरवर 975 किलो, 111 म्हणजे 1090. टायरमागे 115 किलोचा फरक, चार टायरचा मिळून 460. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर नुसतं बघून कळत नाही, स्वस्त पडतो म्हणून 107 गळ्यात मारला जातो. मग खताच्या गोण्या भरल्या, हवा थोडी कमी असली, मे महिन्याचं ऊन असलं की साइडवॉल तापतो आणि एक दिवस फुगा येतो. गाडीसोबत जे मॅन्युअल आलंय त्यात आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जे दिलंय त्याच्या खालचा टायर घ्यायचा नाही, फुकट दिला तरी. पुढचं अक्षर वेगाचं, टी म्हणजे 190, एस म्हणजे 180, त्याची आपल्याला चिंता नाही.

आणि पुढच्या डाव्या टायरची आतली कड. ती नवीन टायर घातल्याने बरी होणार नाही, नवीन टायर मात्र खराब होईल. एकाच कडेने घासतोय म्हणजे कॅम्बर (चाकाचा उभा कल) किंवा टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) बिघडलंय, आणि खड्ड्याच्या रस्त्यावर पळालेल्या गाडीत बरेचदा मुळाशी लोअर आर्मचा बुश किंवा बॉलजॉइंट ढिला झालेला असतो. आधी गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली, आडवं हलवून खेळ बघायला सांगा, सुटा भाग बदला, मग नवे टायर, मग अलाइनमेंट. उलट क्रमाने केलं तर अलाइनमेंटचे पैसे दोनदा जातात. बाकी टायर मधोमध जास्त झिजला तर हवा जास्त होती, दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी, आणि हात फिरवल्यावर खड्डे-उंचवटे लागले तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग, एवढं लक्षात ठेवलं की जुना टायर सगळं बोलतो.

बसवताना समोर उभे राहा. हवा भरायचा व्हॉल्व्ह नवीन घ्या. नट आधी हाताने चढवायला लावा, सुरुवातीपासून हवेच्या गनने नको, गनने आटे मारले जातात आणि पुढे रस्त्यात पंक्चर झालं की तुमच्या पान्याने नट हलत नाही. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने, आणि पन्नास-शंभर किलोमीटर पळवून परत एकदा तपासून घ्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर नवीन रबराची वरची चकाकी जाईपर्यंत घाटात बेताने. रोटेशन दर आठ-दहा हजाराला: मागचे सरळ पुढे, पुढचे आडवे बदलून मागे. नायट्रोजन पाहिजे का असं विचारतील, घ्या वाटलं तर, साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो.

प्रश्न: एटी टायरमध्ये कुठला ब्रँड घ्यावा, एकच नाव सांगा. (नाशिक)

उत्तर: एकच नाव नाही सांगणार, कारण तुमच्या साइझमध्ये आणि तुमच्या लोड इंडेक्समध्ये काय ताजं मिळतंय यावर निम्मं ठरतं. सिएटचा क्रॉसड्राइव्ह एटी, अपोलोचा अपटेरा एटी, एमआरएफचा वाँडरर, योकोहामाचा जिओलँडर ही नावं आपल्याकडे जास्त ऐकू येतात. जून 2020 मध्ये सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या फॅन्सी एटीची काही खात्री नसते, आज मिळाला तर एक फुटल्यावर जोडीचा मिळेलच असं नाही. म्हणून गावापासून जवळच्या शहरात ज्याचा डीलर आहे तो घ्या. आयएसआय मार्क बघा, चार आकडे बघा, वर्षाहून जुना माल असेल तर पैसे कमी करा नाहीतर दुसरा काढा म्हणा. आणि पक्कं बिल. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय, कुणी जुन्याच हिशेबाने सांगत असेल तर बिलावर लगेच दिसेल. वॉरंटीलाही तेच बिल लागतं.

प्रश्न: माझी मालवाहू पिकअप आहे, 215/75 आर15, 8 पीआर (प्लाय रेटिंग, टायरची ताकद). पाहुण्यांच्या एसयूव्हीचे त्याच साइझचे एटी टायर जवळजवळ नवीन आहेत, स्वस्तात देतायत. टाकू का? आणि रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर) चालेल का? (मोहोळ)

उत्तर: नाही. साइझ तीच, टायर तो नाही. तुमचा टायर एलटी म्हणजे माल वाहायच्या बांधणीचा, 8 पीआर, जास्त हवा आणि जास्त वजन घेणारा. एसयूव्हीचा पॅसेंजर टायर तुमच्या गाडीला लागते तेवढी हवा भरून घेण्यासाठी बनवलेलाच नाही. कांद्याची एक खेप होईल, दोन होतील, हायवेला भर दुपारी फुटला तर भरलेली गाडी सावरणं सोपं नाही. घ्यायचा तर एलटी लिहिलेला एटी घ्या, पण तुमचं नव्वद टक्के काम डांबरावर असेल तर एटीचा आवाज आणि डिझेल कशाला सोसता, मालवाहू रिबचा, म्हणजे सलग उभ्या पट्ट्यांचा, टायर जास्त किलोमीटर देईल. तुम्ही रिमोल्डबद्दल पण विचारलंय: पुढच्या चाकांना नाहीच.

प्रश्न: आंबोलीच्या बाजूला जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर साइडवॉलला कट गेला, अर्धा इंच. पंक्चरवाल्याने वात घालून दिली, हवा टिकते. चालेल ना? (सावंतवाडी)

उत्तर: चालेल, घरापासून दुकानापर्यंत. साइडवॉल सतत वाकतो, तिथली वात कधी सुटेल सांगता येत नाही, आणि आतली दोरी तुटली असेल तर आधी फुगा येईल मग फुटेल. दुरुस्ती फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागाला, तीही साधारण 6 मिमीपर्यंतच्या भोकाला, आणि टायर डिस्कवरून उतरवून आतून मश्रूम पॅच लावून. नुसती वात म्हणजे तात्पुरती मलमपट्टी. जांभ्यावर, ताज्या खडीवर वारंवार जात असाल तर पुढचा टायर घेताना थ्री-प्लाय म्हणजे तीन थरांची साइडवॉल आहे का विचारा, जड असतो पण कट कमी खातो. आणि दर आठवड्याला गट्टूंमध्ये अडकलेले खडे स्क्रू-ड्रायव्हरने काढत चला, टोकदार खडा तसाच राहिला तर तळाला हळूहळू भोक पाडतो.

प्रश्न: एवढे महागाचे एटी टाकले तरी पावसात काळ्या रानात गाडी अडकतेच. टायर नकली निघाला का? (जिंतूर)

उत्तर: टायर नकली नाही, तुमची माती अस्सल आहे. काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते, आणि एटीच्या खाचा अशा भरते की चाक दोन फेऱ्यांत चॉकलेटी लाडू. मग जगातला कुठलाही एटी असो, तो गोटाच. मड-टेरेन, म्हणजे खास चिखलाच्या टायरच्या खाचा रुंद असतात, चाक जोरात फिरलं की चिखल फेकून देतात, पण तो टायर डांबरावर घोंघावतो, ओल्या डांबरावर एटीपेक्षा कमी पकडतो आणि लवकर झिजतो, वर्षातल्या चार ओल्या दिवसांसाठी बाकीचं वर्ष कशाला खराब करायचं. हवा 35 वरून 20 पीएसआयपर्यंत उतरवली तर टायर पसरतो आणि थोडी मदत होते, पण मग अगदी सावकाश, आणि डांबराला लागायच्या आधी परत भरायची, म्हणजे गाडीत छोटा कॉम्प्रेसर हवाच. खरं सांगू, मोठा पाऊस झाल्यावर दोन दिवस गाडी बांधावर ठेवून चालत जा. किंवा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरशी संबंध चांगले ठेवा.

प्रश्न: आम्ही ब्रिटिश कोलंबियात सरे शहरात असतो, पिकअपला एटी आहेत, त्यावर एम+एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलंय. हिवाळ्यात कोकीहाला या डोंगरातल्या हायवेने जायला वेगळे विंटर टायर लागतात का? (कॅनडाहून एक ताई)

उत्तर: ताई, तिथल्या नियमाने 1 ऑक्टोबरपासून डोंगरी रस्त्यांवर 30 एप्रिलपर्यंत, काही रस्त्यांवर 31 मार्चपर्यंत, एम+एस किंवा डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह लागतं, आणि नक्षी किमान 3.5 मिमी. म्हणजे कागदावर तुमचे टायर चालतात, नक्षी मोजली असेल तर. पण एम+एस हे नुसतं नक्षीच्या ठेवणीवरून मिळतं, डोंगर-हिमकणाचं चिन्ह बर्फावर चाचणी पास केल्यावर. पुढचे एटी घ्याल तेव्हा ते चिन्ह असलेलेच घ्या. त्या रस्त्याने नेहमी जाणं असेल तर वेगळे विंटर टायरच बरे, कारण एटीचं रबर गारठ्यात कडक होतं.

प्रश्न: काढलेले जुने टायर टायरवाल्याला द्यायचे की घरी आणायचे? गोठ्याला, झोपाळ्याला कामाला येतात. (वाई)

उत्तर: झोपाळ्याला एक आणा, आणि त्याला खालून भोकं पाडा म्हणजे पाणी साचणार नाही. बाकी दुकानातच सोडा, मोडीत वळते करून घ्या, थोडे का होईना पैसे कमी होतील. 2022 पासून टायर कंपन्यांवर जुन्या टायरच्या विल्हेवाटीची जबाबदारी आलीय, त्यामुळे मोडीला गिऱ्हाईक आहे. परड्यात टाकलेल्या टायरमध्ये पावसाचं पाणी आठवडाभर राहिलं की डेंग्यूचे डास झालेच, आणि गोठ्याच्या छपरावर पत्रा उडू नये म्हणून ठेवलेले टायर पण यात आले, ते अर्धे कापून पालथे ठेवा.

पुढच्या अंकासाठी क्लच आणि घाटातल्या ब्रेकचे प्रश्न घेतोय. पाठवताना गाडीचं मॉडेल, साल आणि किलोमीटर लिहा, आणि टायरचा फोटो काढायचा तर तो लांबून नको, गट्टूच्या अगदी जवळ जाऊन, आडव्या उजेडात.